मार्जारकिशोर न्याय आणि जिन्याखालची पिल्लं



इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. आज आपण ज्याचा इतिहास पाहणार आहोत, त्याचं जन्माच्या वेळचं वजन साधारण शंभर ग्रॅम असतं. डोळे मिटलेले, कान बंद, स्वतःचं अंग स्वतः ऊबदार ठेवण्याची ताकद नाही. मोकाट मांजरीला झालेलं पिल्लू. जिन्याखाली, माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे, बंद पडलेल्या गाडीच्या पोटाखाली अशी तीन-चार पिल्लं एक दिवस सापडतात. ती सापडली की माणूस काय करतो, आणि हजारो वर्षं काय करत आला, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान दिसतो. पण बघा, शत्रूशी कसं वागावं यावर ग्रंथ आहेत. गुरूशी, अतिथीशी, गाईशी, बैलाशी कसं वागावं यावरही आहेत. मात्र जो आपला कुणी नाही, ज्याला आपण बोलावलेलं नाही, ज्याचा आज काही उपयोग नाही आणि तरीही जो आपल्याच दारात जन्मला आहे, त्याचं आपण काय देणं लागतो, याचं उत्तर कुठल्याच एका ग्रंथात सरळ मिळत नाही. ते गोष्टींत, रूढींत, कायद्यांत आणि अलीकडे पशुवैद्यकाच्या टिपणांत विखुरलेलं आहे. ते आज आपण एकत्र करून पाहू.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. या पिल्लांविषयीचा कळवळा फार जुना आहे. त्यांना जगवायचं कसं याचं ज्ञान मात्र जेमतेम शंभर वर्षांतलं आहे. आणि उचललेल्याची जबाबदारी कुठपर्यंत जाते, हे कळायला त्याहूनही उशीर लागला. कळवळा, ज्ञान आणि जबाबदारी या तीन पायऱ्या आहेत. यातली एक गाळली की उरलेल्या दोन्हींचं नुकसान होतं, असं हा इतिहास सांगतो.

मांजर माणसाजवळ आलं कसं, इथून सुरुवात करू. कुत्रा माणसाबरोबर शिकारीला गेला, गाय-बैल माणसाने दावणीला बांधले. मांजराला कुणी बांधलं नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याच्या राशी पडल्या, राशींवर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आलं. माणसाने त्याला हाकललं नाही, एवढंच. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. माणसाच्या शेजारी, हातभर अंतरावर, आठेक महिन्यांच्या मांजराचा सांगाडा. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते २००४ साली प्रसिद्ध केलं. सायप्रसवर मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे ते मांजर होडीतून नेलेलं होतं. माणूस समुद्र ओलांडताना बरोबर काय नेतो, यावरून नातं कळतं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. मोकाट मांजर हे जंगली जनावर नाही, आणि पूर्ण पाळीवही नाही. ते वळचणीचं जनावर आहे. आपल्या घराच्या भिंतीपर्यंत येतं, उंबरठ्यापाशी थांबतं. त्याची पिल्लंही तशीच, आपल्या आणि निसर्गाच्या सीमेवर जन्मलेली. त्यामुळे ‘निसर्ग बघून घेईल’ असं म्हणून पूर्ण हात झटकता येत नाहीत आणि ‘आमचंच आहे’ असं म्हणून सरळ उचलताही येत नाही. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

आता इजिप्तकडे वळू. मांजराची पूजा म्हटलं की इजिप्त आठवतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, घरातलं मांजर मेलं की इजिप्तमधली माणसं भुवया भादरतात. त्याचं आणखी एक निरीक्षण आपल्या विषयाचं आहे. भाटी व्याली की बोक्याकडे फिरकत नाही. मग बोके तिची पिल्लं पळवून मारतात आणि पिल्लं गेली की ती पुन्हा बोक्याकडे येते, असं तो सांगतो. बोके पिल्लं मारतात हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक असतं, आणि प्राण्यांचं वर्तन अभ्यासणाऱ्यांनीही अशा घटना नोंदवल्या आहेत. पुढे प्लुटार्कने तर मांजरीच्या वेतांचं गणितच मांडलं: पहिल्या वेताला एक, दुसऱ्याला दोन, असं सातव्याला सात, एकूण अठ्ठावीस, चंद्राच्या दिवसांइतकी! हे दंतकथेसारखं वाटतं, हे तो स्वतःच कबूल करतो. पण मांजरीच्या पिल्लांच्या संख्येने माणूस तेव्हापासून चकित आहे, एवढं खरं. ही संख्या लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

पण इजिप्तची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. देवीला नवस म्हणून मांजरांच्या ममी वाहायची प्रथा उत्तरकाळात फोफावली. त्या ममींचे क्ष-किरण फोटो काढले, तेव्हा आत फार मोठ्या प्रमाणात पिल्लं आणि लहान वयाची मांजरं निघाली, आणि अनेकांच्या माना मोडलेल्या होत्या. म्हणजे नवसासाठी लागतात म्हणून ती वाढवून मारली जात होती. १८९० साली अशा मांजरांच्या ममींचा सुमारे एकोणीस टन माल जहाजाने लिव्हरपूलला गेला आणि शेतात खत म्हणून विकला गेला. तो आकडा पावणेदोन लाखांहून अधिक मांजरांचा मानतात. पूजा आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून पक्कं ध्यानात येतं. देव्हाऱ्यातल्या मांजराला मान होता. पिल्लाच्या जिवाला तो मिळेलच असं नव्हतं.

आपल्याकडे काय होतं? संस्कृत वाङ्मयात मांजराची प्रतिमा फारशी चांगली नाही. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटलंय, म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात एका पायावर तप करणारं मांजर आणि भोवती भाबडे उंदीर आपण पाहिले असतील. पण हे सगळं मोठ्या मांजराबद्दल. मांजराची आई म्हणून दखल घेतली ती लोकांनी आणि भक्तांनी.

बंगालात षष्ठी ही लहान मुलांचं रक्षण करणारी देवी आहे आणि तिचं वाहन मांजर आहे. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला तिच्या व्रताची कथा सांगतात. धाकटी सून चोरून खाते आणि आळ घरच्या मांजरीवर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणं नेते. पुढे सुनेला मुलं होतात आणि प्रत्येक बाळ रात्रीतून नाहीसं होतं. मांजरीने ते तोंडात धरून देवीकडे नेलेलं असतं. शेवटी सून मांजरीची क्षमा मागते आणि मुलं परत मिळतात. आपल्या सटवाईचं नावही याच षष्ठीवरून आलेलं. बाळाच्या सहाव्या रात्री ती ललाटरेषा लिहिते असं आपण मानतो. कथेचा मथितार्थ काय, तर जी आई आपल्या पिल्लांना तोंडात धरून नेते, तीच आईपणाच्या देवतेची दूत. आणि एका आईवर अन्याय केला की दुसऱ्या आईला त्याचं मोल द्यावं लागतं. ही कथा रचणाऱ्या बायकांनी मांजर व्यालेलं जवळून पाहिलं होतं, यात शंका नाही.

मराठीतही तशी खूण आहे. ‘मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत’ असं आपण म्हणतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असंही म्हणतो. ही दोन्ही निरीक्षणं पक्की आहेत. मांजर जागा बदलते, कारण एका जागी वास साठतो, कुत्रा-बोका माग काढतो, माणसांची ये-जा वाढते. सात हा आकडा आपला. जागा बदलणं तिचं.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र पिल्लू भेटतं ते दक्षिणेतल्या एका मोठ्या वादात. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत तेराव्या-चौदाव्या शतकात दोन दिशा दिसू लागल्या. एकीकडे पिळ्ळै लोकाचार्य, दुसरीकडे वेदान्तदेशिक. पुढे त्यांचे तेंकलै आणि वडकलै असे संप्रदाय झाले. प्रश्न होता: जीवाचा उद्धार होतो त्यात जीवाचा स्वतःचा काही वाटा असतो की सगळं देवाच्या कृपेवर? वडकलैंचा दृष्टान्त माकडाच्या पिल्लाचा. आई झाडावरून उडी मारते तेव्हा पिल्लाला तिच्या पोटाला घट्ट धरून राहावं लागतं. हा मर्कटकिशोर न्याय. तेंकलैंचा दृष्टान्त मांजरीच्या पिल्लाचा. ते काही धरत नाही. आई त्याची मान तोंडात धरते आणि नेते. हा मार्जारकिशोर न्याय. रामकृष्ण परमहंसांनीही हाच दृष्टान्त आवडीने वापरला.

शतकानुशतकं या वादात चर्चा झाली ती पिल्लाची, म्हणजे पिल्लाने काही करावं की नाही याची. उचलणारा चुकेल, अशी शंका कुणाला आली नाही. येणारही नाही, कारण दृष्टान्तात उचलणारा देव आहे. पण जिन्याखालच्या पिल्लाला जेव्हा आपण उचलतो, तेव्हा उचलणारा माणूस असतो. तो चुकू शकतो. कधी उचलावं, कधी उचलू नये, कुठे न्यावं, हे त्याला शिकावं लागतं. आपला पुढचा सगळा इतिहास या शिकण्याचा आहे.

उचलणाऱ्याच्या जबाबदारीचं सूत्र आम्हाला सर्वांत नेमकं सापडलं ते इस्लामी परंपरेत. पैगंबरांचे एक सोबती अबू हुरैरा या नावाने ओळखले जातात. त्याचा अर्थ ‘मांजरीच्या पिल्लाचा बाप’. ते पिल्लू जवळ बाळगत म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. आणि हदीसमध्ये एका बाईची गोष्ट आहे, जिने मांजर बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. यातला बारकावा पाहा. मांजर न पाळल्याचा दोष तिच्यावर नाही. अडवून ठेवलं आणि मग सांभाळलं नाही, हा दोष आहे. म्हणजे हात लावला नाही तोवर कर्तव्य मर्यादित; हात लावला की पूर्ण. तेराव्या शतकात कैरोचा सुलतान बैबर्स याने तर मांजरांसाठी एक बाग नेमून दिली होती. शतकांनंतर ती बाग विकली गेली, तरी काझीच्या कचेरीच्या आवारात दुपारनंतर मांजरांना खाणं टाकण्याची रीत चालू होती, असं एडवर्ड लेन या इंग्रज विद्वानाने १८३६ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. मालमत्ता गेली, कर्तव्य राहिलं.

आता युरोप. तिथे सतराव्या शतकात देकार्तने प्राणी म्हणजे यंत्रं असं मत मांडलं. १७८९ साली बेंथमने प्रश्न उलटा केला आणि प्राण्याची बुद्धी बाजूला ठेवून त्याच्या वेदनेला मोजमापात घेतलं. १८२२ साली इंग्लंडात गुराढोरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला, १८२४ साली प्राणिक्लेश निवारणाची संस्था निघाली. पण घरोघरी जास्तीची पिल्लं बादलीत बुडवणं हे तेव्हा झाडलोट करण्यासारखंच एक काम समजलं जाई. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी लंडनमध्ये बेवारस कुत्र्यांसाठी आश्रयस्थान काढलं. तेच पुढे बॅटरसीला गेलं आणि १८८३ पासून तिथे मांजरंही घेऊ लागले. पुढच्याच वर्षी तिथे एक कोठडी बसवण्यात आली, जिच्यात नको असलेल्या जनावरांना वायूने वेदनेविना मारता येई. त्या काळाची करुणा इथपर्यंत पोहोचली होती. वेदना नको, मग मरण चालेल.

आपल्याकडे त्याच शतकात करुणेने उलटी दिशा घेतली. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यातूनच १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढला. इथलं म्हणणं होतं, मरण नको.

दोन्ही बाजूंना त्यांचं त्यांचं तर्कशास्त्र आहे. पण दूधपित्या पिल्लाच्या बाबतीत दोन्ही अपुऱ्या पडतात. न मारणं म्हणजे जगवणं नव्हे. दोन दिवसांचं पिल्लू कुणी मारलं नाही तरी काही तासांत थंडीने मरतं. त्याच्यासाठी सद्भावना पुरत नाही, माहिती लागते. ती विसाव्या शतकात हळूहळू जमा झाली. तिचा सारांश इथे सांगणं गरजेचं आहे, कारण इतिहासाचा उपयोग शेवटी काय, तर जे इतरांना फार उशिरा कळलं ते आपल्याला वेळेवर कळावं.

पहिली गोष्ट, ऊब. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत अंगाची ऊब नीट राखू शकत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं. ते त्याला पचत नाही, घशात अडकू शकतं. आधी ऊब, मग दूध. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवायची, म्हणजे फार उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते.

दुसरी, दूध. आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी इतकी पक्की की वाटी पुढे सरकवणं हाच पहिला विचार येतो. पण मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास प्रथिनं असतात, आणि गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागू शकते. इवल्या जिवाला हगवण म्हणजे अंगातलं पाणी जाणं, आणि त्यातच ते जातं. पशुवैद्याकडे मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. ती पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावी लागते. आणि पाजताना पिल्लू पालथंच ठेवायचं, आईला लुचताना असतं तसं. आपल्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. साधारण पहिले तीन आठवडे पिल्लू आपणहून शी-शू करू शकत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते काम दर पाजण्याला करावं लागतं. आणि चौथी, वजन. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढ हवी. स्वयंपाकघरातला साधा काटा इथे डोळ्यांपेक्षा खरं बोलतो.

ही यादी ऐकून काय लक्षात येतं? आई किती कामं करते, ते! शिवाय पहिल्या दिवसाच्या चिकातून रोगांशी लढायचं जे बळ पिल्लाला मिळतं, ते नंतर कुठल्याही बाटलीतून तसं देता येत नाही. म्हणून या सगळ्या ज्ञानाचं पहिलं वाक्य आहे: थांबा. एकटी दिसणारी पिल्लं बहुतेक वेळा पोरकी नसतात. आई पोट भरायला गेलेली असते, किंवा जागा बदलत असते आणि दोन पिल्लं नेऊन तिसऱ्याला न्यायला येणार असते. किंवा आपणच तिथे उभे आहोत म्हणून ती गाडीखालून बघत बसलेली असते. पिल्लं शांत, ऊबदार आणि पोट गोल असेल, तर आई आहे. सतत ओरडत असतील, गार आणि मळलेली असतील, तर नाही. शंका असेल तर बिळाभोवती पिठाची बारीक रेघ ओढून ठेवायची आणि काही तासांनी पावलं उमटलीत का पाहायची. रांगोळी काढणाऱ्यांना हे सांगायला नको. दरम्यान आईसाठी जवळच पण बिळाला अगदी चिकटून नाही अशा जागी खाणं-पाणी ठेवणं, पावसाची झड येत असेल तर आडोसा करणं, एवढंच आपलं काम.

आणि माणसाचा हात लागला की मांजर पिल्लं टाकते, हा समज? नुसत्या वासाने ती सहसा टाकत नाही. पुन्हा पुन्हा डोकावलं, फोटो काढायला गर्दी केली, तर ती हलवते. आणि हलवताना एखादं मागे राहतं.

पण मग कायम लांबच राहायचं का? इथेही अभ्यासाने एक वेळ नेमून दिली आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की, दोन ते सात आठवडे या वयात ज्या पिल्लांना माणसाचा हात रोज लागतो, ती माणसाळतात. तो काळ गेला की फार कठीण. म्हणजे घर द्यायचं असेल तर ती खिडकी अरुंद आहे. आईजवळ असताना हळूहळू ओळख करून घ्यायची, आठ आठवडे झाले की घर शोधायचं.

इथवर कळवळा आणि ज्ञान झालं. आता प्लुटार्कच्या गणिताकडे. मांजर नऊ आठवड्यांत विते. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आणि तिचं मादी पिल्लू चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकतं. मग जग मांजरांनी भरून का जात नाही? याचं उत्तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आहे. मोकाट मांजरींच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं. त्यांतली १२७ सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. चारातली तीन! गाड्या, कुत्री, आजार. ‘निसर्ग बघून घेतो’ याचा अर्थ हा असतो, मित्रहो.

आणि जिथे ती जगतात तिथे दुसऱ्या कुणाचा जीव जातो, हेही सांगितलं पाहिजे. न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांमधल्या सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं लहानसं बेट आहे. १८९४ साली तिथे दीपगृह सुरू झालं आणि माणसांबरोबर मांजर पोहोचलं. एका गाभण मांजरीपासून तिथे मांजरांची वस्ती झाली असं मानतात. त्या बेटावर उडता न येणारा एक इवलासा पक्षी राहत होता. काही वर्षांतच तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. एका वेताचा परिणाम कुठवर जातो, याचं हे उदाहरण. पिल्लांवर प्रेम करणाऱ्यांनी ते टाळू नये.

तेव्हा तिसरी पायरी आली. पिल्लं जगवायची आणि आईची नसबंदी करून तिला तिच्याच जागी परत सोडायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि डेन्मार्कसारख्या देशांत हे प्रयोग झाले. अमेरिकेत १९९० साली ‘ॲली कॅट अलाइज’ ही संस्था याच कामासाठी निघाली. १९९१ साली इटलीने कायदाच केला: मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना त्रास द्यायचा नाही, त्यांची नसबंदी करून पुन्हा त्यांच्याच वस्तीत सोडायचं. रोममध्ये अशा मांजरांना सांभाळणाऱ्या बायकांना ‘गात्तारे’ म्हणतात, मांजरवाल्या. पूर्वी हा शब्द थोडा थट्टेचा होता. कायद्याने त्यांच्या खाणं घालण्याला एक जागा दिली. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराची खूण म्हणून कानाचं टोक जरासं छाटलेलं असतं. आपल्याकडेही ते दिसू लागलं आहे.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, उपासमार होईल अशा स्थितीत आपलं जनावर टाकून देणं हा गुन्हा ठरवला. तरी पोत्यात घालून पिल्लं मासळी बाजारात सोडून येण्याची रीत आपण सर्वांना माहीत आहे. ‘तिथे खायला मिळेल’ असं मनाचं समाधान. दूधपितं पिल्लू मासळी खात नाही. आईपासून तोडलेलं ते पोतं म्हणजे जुन्या बादलीचंच मवाळ रूप. हे कठोर वाटेल, पण विचार करून पाहा: बादलीतलं मरण मारणाऱ्याला दिसत असे. इथे फक्त न दिसण्याची सोय झाली आहे.

आणि दुसरी बाजूही. कळवळून पिल्लं उचलायची, फोटो टाकायचा, ‘कुणीतरी न्या’ म्हणायचं, आणि आई मागे राहते. नऊ-दहा आठवड्यांनी त्याच जिन्याखाली नवी पिल्लं. गृहसंस्थेत दोन तट पडतात. एक म्हणतो खाणं घालू नका, दुसरा म्हणतो तुम्हाला दया नाही. दोघांच्या भांडणात त्या मांजरीला डॉक्टरकडे कुणी नेत नाही. पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबून, मग पिंजरा आणून, चार घरांनी वर्गणी काढून एक शस्त्रक्रिया केली, तर दोन्ही तटांचं म्हणणं पूर्ण होतं. हदीसमधलं ते सूत्र आठवा: हात लावला की कर्तव्य पूर्ण. पिल्लाला हात लावला, तर आईपर्यंत जावं लागतं.

शेवटी पुन्हा त्या न्यायाकडे येऊ. मार्जारकिशोर न्यायात पिल्लू काहीच करत नाही, असं गृहीत धरलंय. आजच्या निरीक्षणातून थोडं वेगळं दिसतं. आईने मानेला धरलं की पिल्लू अंग सैल सोडतं, पाय-शेपूट पोटाशी घेतं. लटपट केली असती तर आईला नेता आलं नसतं. म्हणजे सैल पडणं हेही त्याचं एक कामच आहे. जन्मल्यानंतर तीन-चार दिवसांतच, डोळे मिटलेले असताना, प्रत्येक पिल्लू आपापलं थान ओळखून तिथेच जाऊ लागतं. गार वाटलं तर ओरडतं, उबेकडे सरपटतं. त्याच्या परीने ते सगळं करतं. वडकलै आणि तेंकलै दोघांनीही त्याच्याकडे आणखी थोडं बघत बसायला हरकत नव्हती!

पिल्लाने आपला वाटा उचललेला असतो. मांजरीने आपला उचललेला असतो. ती सात घरं फिरते, उपाशी पोटी पाजते. इतिहासाच्या या लांबलचक हिशेबात तिसऱ्याचा, म्हणजे आपला, रकाना बराच काळ पूजा, बादली आणि पोतं यांनीच भरला गेला. आता आपल्याला काय करायचं ते माहीत आहे. माहीत नव्हतं तोवर कळवळा पुरेसा मानला जाई. माहीत झाल्यावर तो पुरत नाही.

पाऊस तोंडावर आला आहे. माळ्यावर, जिन्याखाली आवाज येऊ लागतील. आला, तर आधी थांबा, बघा, आणि आई कुठे आहे ते शोधा.